मीटरबाई आणि मधली नळी

पहिल्यांदा आकडा खाली आला त्या दिवशी वन्संनी भर दुपारी कामावरून फोन केला आणि नुसतं म्हणाल्या, "हलला."

मी गॅसवर पाणी उकळत ठेवलं होतं. "कोण हललं?"

"आकडा गं. दोन हजार एकशे चाळीसवर बसला होता ना ठाण मांडून, आज एकोणीसशे. पाणी आलं अगं. खालून चालत चालत आलं." मागे पंपाची घरघर ऐकू येत होती. फोनवर कधी दोन वाक्यांच्या पुढे न जाणाऱ्या वन्सं मला जमिनीखालची वाळू समजावून सांगायला लागल्या. बोलता बोलता त्यांना धाप लागली. बहुधा चालत होत्या, किंवा एका जागी उभं राहवत नव्हतं.

मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवस कितवा?"

"त्रेसष्टावा."

"शंभर व्हायला हवे होते ना?"

मग फोन बंद झाला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हा कुणीतरी मला सांगितलं की मोठ्या नणंदेला वन्सं म्हणायचं असतं. आता तसं कुणी म्हणत नाही, ते चेष्टेत सांगितलं होतं हे मला वर्षभराने कळलं, पण तोवर जिभेला वळण लागलं होतं. पाणीखात्यात मात्र त्यांना सगळे मीटरबाई म्हणतात, अगदी पत्रावरसुद्धा एकदा तसंच आलं होतं.

टेकडीवरच्या वस्तीत चाळीस घरांना एक नळ, त्या वस्तीत त्या वाढल्या. आठव्या वर्षापासून दोन डबे घेऊन रांगेत. त्यांचा डावा खांदा अजून उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. शिंपी दर वेळी दोनदा माप घेतो आणि दर वेळी टेपकडे संशयाने बघतो. दहावीपर्यंत शिकल्या. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात मूल नाही, म्हणून पंपघरात झाडलोटीच्या कामाला लागल्या. तिथला ऑपरेटर दुपारी डुलक्या घ्यायचा. तो झोपला की वन्सं भिंतीवरच्या काट्यांचे आकडे एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवायच्या, का ते त्यांनाही सांगता येत नाही. एकदा मोठी पाइप फुटली आणि ती नेमकी कधी फुटली हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा त्या कॅलेंडरनेच वेळ सांगितली. तिथून पुढे झाडू सुटला. सहा वर्षांत त्या स्वतः ऑपरेटर झाल्या. त्यालाही आता सोळा वर्षं झाली.

वन्सं पाणी टाकत नाहीत. टाकत नाहीत म्हणजे टाकूच शकत नाहीत. आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या की बेसिनखाली टब येतो, भाजी धुतलेलं पाणी कुंडीत जातं, कपड्यांचं संडासात. ग्लासात घोटभर उरलं तर आधी सगळ्यांकडे बघतात आणि मग स्वतः पितात. आमचे हे म्हणतात, "ताईला समुद्र दाखवू नका, एवढं पाणी नुसतं पडून आहे म्हणून तिला झोप लागणार नाही."

अशा बाईच्या हाती रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी लागलं.

आमच्या भागात पाऊस येतो तो दांडगाईने येतो. दोन तासांत रस्त्यांचे ओढे होतात, संध्याकाळपर्यंत सगळं गटारांतून नदीत, आणि चार महिन्यांनी टँकरमागे धावायची वेळ. पाणीखात्यात नव्याने आलेल्या इंजिनिअरबाईंनी हे वाहून जाणारं पाणी जमिनीत साठवायची योजना आणली. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, पायात कायम गमबूट. त्यांनी वन्संना पंपघरातून मागून घेतलं. "पदवीवाले दोघे होते," त्या म्हणाल्या होत्या, "पण मला रोज त्याच वेळी तोच आकडा बघायला कंटाळा न येणारं माणूस हवंय."

मी मात्र ऐकूनच हादरले होते. रस्त्याचं पाणी, जिथे गाड्यांचं तेल ठिबकतं, जिथे लोक थुंकतात, ते आमच्या नळाला? आमच्या भिंगरीने, म्हणजे माझ्या मुलीने, दोन वर्षांपूर्वी नळाच्या फुटक्या लाइनचं पाणी पिऊन नऊ दिवस दवाखान्यात काढले होते. तेव्हापासून मी पाणी गाळते, उकळते, गार करते, पुन्हा गाळते. वन्संच्या मते मी घोट घशाखाली उतरवण्याआधी त्याचा जन्मदाखला मागते.

त्यांनी मला एका रविवारी तिकडे नेऊन सगळं दाखवलं. आधी गाळाचा हौद. मग लव्हाळ्याचं तळं, तिथे पाण्याचा दहा दिवस मुक्काम. मग वाळूचा थर. आणि मग एका बोअरमधून ते पाणी खाली सोडायचं, जमिनीखालच्या वाळूत, जिथे मुळात मचूळ पाणी भरलेलं आहे.

"खाली काय होतं?" मी विचारलं.

"उपासमार," वन्सं म्हणाल्या. "ऊन नाही, हवा नाही, खायला काही नाही. जंतू दिवस मोजत मरतात. पण त्यांना मरायला वेळ द्यायचा, घाई करायची नाही."

दोनशे मीटरवर दुसरी बोअर, तिच्यातून पाणी उपसायचं. आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये एक बारीक नळी, तीन बोटं जेमतेम आत जातील एवढी, खोल गेलेली, फक्त तळाशी भोकं असलेली. तिला सगळे मधली नळी म्हणत. योजनेचा जीव त्या नळीत होता. मीटर पाण्यातले क्षार मोजतो. मूळचं मचूळ पाणी त्यावर दोन हजार एकशे चाळीस दाखवतं. तळ्यातलं पावसाचं पाणी एकशे सत्तर. मधल्या नळीतला आकडा पडायला लागला की समजायचं, पावसाचं पाणी अर्ध्या वाटेवर पोचलं. मात्र ते शंभर दिवसांच्या आत पोचता कामा नये. आत पोचलं तर खाली कुठेतरी भेग आहे, पाणी वाळूतून झिरपत येण्याऐवजी धावत येतंय आणि सोबत जिवंत जंतू आणतंय. मग पिण्याचं नाव काढायचं नाही. बागांना घाला, रस्ते धुवा. निकाल आरोग्य अधिकाऱ्यांची समिती देणार होती.

दर मंगळवारी वन्सं टेपच्या टोकाला बांधलेला मीटर नळीत सोडायच्या, चौदा मीटरच्या खुणेपर्यंत, आणि संध्याकाळी मला कळवायच्या, "नाही हलला." आठ मंगळवार हेच चाललं होतं. नवव्या मंगळवारी हलला आणि आनंदाच्या भरात त्यांच्यासारख्या बाईला दिवस मोजायचं भान राहिलं नाही.

इंजिनिअरबाईंनी दुसऱ्या दिवसापासून रोज आकडा घ्यायला सांगितला. चौदाशे ऐंशी. एक हजार वीस. सहाशे दहा. इतक्या भराभर खाली की आमचे हे म्हणाले, "भेग कसली, खाली बोगदा असेल." समितीची बैठक पुढच्या मंगळवारी, सत्तराव्या दिवशी, सकाळी दहाला ठरली. बैठकीत काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला काय वाटलं ते लिहूनच टाकते. वाईट वाटलं, पण आतून सुटल्यासारखंही वाटलं. आता ते पाणी आमच्या नळाला येणार नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी वन्सं घरी आल्या. चप्पल दाराबाहेर काढायची विसरल्या आणि तशाच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. भिंगरी टेबलावर गणितं करत होती.

"मी मूर्ख आहे," त्या म्हणाल्या.

"आत्या, ते मला रोज ऐकावं लागतं," भिंगरी म्हणाली.

"तू गणित कर." मग माझ्याकडे वळून, "आज आकडा किती आला माहितीय? तीनशे बारा. काल तीनशे अठरा होता. अडलाय तिथे. पावसाचं पाणी असतं तर एकशे सत्तरकडे गेलं असतं ना? तीनशे बारावर का अडेल?"

"मला काय कळतंय?"

"मलाही कळेना. पण हा आकडा कुठेतरी रोज बघितलाय असं वाटत राहिलं. आणि मग बादलीकडे लक्ष गेलं."

आकडा घेऊन झाला की मीटर आणि टेप स्वच्छ पाण्याने धुवायचा असा नियम होता. वन्सं पंपघराच्या नळाचं तीन लिटर पाणी बादलीत घ्यायच्या आणि धुवायच्या. त्या दिवशी त्यांनी न धुताच मीटर त्या बादलीत बुडवला. तीनशे बारा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ते धुतलेलं पाणी मी नळीत ओतत होते."

आमचे हे दारात येऊन उभे राहिले होते. "कुठे?"

"मधल्या नळीत. पहिल्या दिवसापासून." त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते, दुसऱ्याचे असावेत तसे. "तीन लिटर चांगलं पाणी. मातीत कसं टाकू? मला वाटलं, खाली जाईल, तिथलं तिथे. आणि या आठवड्यात रोज आकडा घेतला तर रोज ओतलं. आकडा मीच पाडला. जितका जास्त बघितला तितका जास्त पाडला."

मग आमचे हे हसायला लागले, आणि त्यांचं ते हसणं थांबेचना. शेवटी मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाणी प्यायला गेले.

परत आल्यावर म्हणाले, "ताई, कुणाला सांगू नकोस. उद्यापासून ओतणं बंद कर. आकडा आपोआप वर येईल."

"उद्या समिती सही करणार आहे. त्यानंतर वर आला तर बघायला कोण थांबणार आहे?"

"आणि सांगितलंस तर? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. म्हणतील, दहावी पास बाईच्या हाती यंत्र दिल्यावर असंच होणार. त्या इंजिनिअरबाईलाही बोल लागेल."

"लागेल," वन्सं म्हणाल्या. "आणि तेही परवडलं असतं. पण तुला खरी गोम सांगू? माझं पाणी वर आहे. त्याच्या खाली काय आहे ते मला माहीत नाही. सगळं उपसून काढलं आणि खालून एकशे सत्तर आलं तर? म्हणजे मी मूर्ख ती मूर्ख, आणि भेगही खरी. तोंड काळं करून घ्यायचं ते घ्यायचं, वर पाणीही गेलंच."

भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. "पण आत्या, उपसल्याशिवाय कळणार कसं?"

वन्संनी तिच्याकडे बघितलं. "तेच तर," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीला गेले. रहिवाशांना मागच्या बाकांवर बसायची मुभा होती, आणि माझ्याकडे प्रश्नांची अकरा ओळींची यादी तयारच होती. ती मी पिशवीतून काढलीच नाही. इंजिनिअरबाईंनी भिंतीवर आलेख लावला. आठ आठवडे सरळ रेघ आणि मग कडा तुटल्यासारखी खाली. आरोग्य अधिकारी म्हणजे पांढऱ्या मिश्यांचे, सावकाश बोलणारे डॉक्टर. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

वन्सं उभ्या राहिल्या. "साहेब, हा आकडा पावसाचा नाही. माझ्या बादलीचा आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. कुणीतरी फिसकन हसलं. इंजिनिअरबाई कानापर्यंत लाल झाल्या.

"सूचनेत काय लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीटर स्वच्छ पाण्याने धुवावा," वन्सं म्हणाल्या. "धुतलेलं पाणी कुठे टाकावं ते लिहिलेलं नाही."

"ते लिहावं लागतं असं मला वाटलं नाही," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "मावशी, आमच्या कॉलेजात बेसिन होतं हो." मग त्यांनी समोरचा कागद ओढला, त्यावर काहीतरी मांडायला लागल्या, खोडलं, पुन्हा मांडलं. "तीन लिटर म्हणजे त्या नळीत दीड मीटर उंचीचं पाणी. दर आठवड्याला दीड मीटर. वरून ओतलं की जुनं तळाच्या भोकांतून बाहेर ढकललं जाणार. पाणी सोडलं तो पहिला दिवस धरून नऊ वेळा ओतलं असेल तर साडेतेरा मीटर. मावशी, खूण कितीवर आहे?"

"चौदावर."

"म्हणजे नवव्या आठवड्यातच हलायला हवा होता. त्रेसष्टाव्या दिवशी." त्यांनी कागद डॉक्टरांपुढे सरकवला. "साहेब, तासभर द्या. आत्ता, तुमच्या समोर नळी उपसते. आतल्या पाण्याच्या तिप्पट काढते. मग जो आकडा येईल त्यावर सही करा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग वन्संकडे. "चला," म्हणाले, आणि टोपण पुन्हा पेनला लावलं.

आम्ही सगळे तिकडे गेलो. समितीचे पाच, इंजिनिअरबाई, वन्सं, मी आणि वाटेत कळल्यामुळे येऊन मिळालेले पंपघरातले तिघे. नळीत बारीक होज सोडला, छोटा पंप लावला. तेरा बादल्या उपसायच्या होत्या. प्रत्येक बादली भरली की एकदा मीटर बुडवायचा.

पहिली बादली. तीनशे बारा. दुसरी. तीनशे बारा. पंपघरातला एक जण म्हणाला, "मीटरबाई, चांगली टाकी भरून ठेवलीत."

"बादली रिकामी करा," डॉक्टर म्हणाले.

वन्संनी बादली उचलली आणि इकडेतिकडे बघितलं. झाड नाही, कुंडी नाही. सगळी नुसती मुरमाड जमीन. तिथल्या कुणाला कळलं नसेल, मला कळलं. "ओता," डॉक्टर पुन्हा म्हणाले. वन्संनी मान वळवली आणि ओतलं, इंजेक्शन घेताना लहान मूल भिंतीकडे बघतं तसं.

तिसरी बादली, तीनशे दहा. चौथी, तीनशे वीस. "हलतोय," इंजिनिअरबाई पुटपुटल्या. पाचवी, सहाशे चाळीस. आता कुणी थट्टा करत नव्हतं. एरवी हेच लोक आकडा खाली यावा म्हणून दोन महिने थांबले होते, आणि आज सगळे श्वास रोखून तो वर जायची वाट बघत होते. सहावी, अकराशे. सातवी, चौदाशे. आठवी, पुन्हा चौदाशे.

वन्संनी माझा दंड धरला. त्यांना जी भीती होती ती हीच. इथेच अडला, तर खाली खरंच पावसाचं पाणी मिसळलंय.

नववी भरायला जितका वेळ लागला तितका मला भिंगरीच्या जन्माच्या वेळीही लागल्यासारखा वाटला नव्हता. इंजिनिअरबाईंनी मीटर बुडवला, आकडा नाचला, स्थिरावला. "सतराशे ऐंशी," त्या म्हणाल्या, आणि आवाज फाटला. दहावी, दोन हजार तीस. अकरावी, दोन हजार एकशे वीस. बारावी, दोन हजार एकशे एकोणचाळीस. तेरावी, दोन हजार एकशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन." चौदावी, चाळीस. पंधरावी, चाळीस. डॉक्टरांनी स्वतः वाकून, चष्मा कपाळावर सारून वाचलं.

पंपघरातल्या तिघांनी वन्संना मध्ये घेतलं. मी, जिला आठ दिवसांपूर्वी आतून सुटल्यासारखं वाटलं होतं, ती इंजिनिअरबाईंना मिठी मारून उभी होते आणि माझ्या साडीला त्यांच्या गमबुटांचा चिखल लागला होता.

डॉक्टरांनी मात्र हिशेब सोडला नाही. वन्संनी घेतलेले सगळे आकडे रद्द. पुढचा प्रत्येक आकडा उपसा करून, दोन माणसांनी घ्यायचा. "आणि मीटरबाई," ते म्हणाले, "नळीला तुम्ही हात लावायचा नाही."

"बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या.

त्यांना तळ्यावर पाठवलं, लव्हाळी कापायला आणि गाळ मोजायला. त्या कुरकुरल्या नाहीत. पण मंगळवार आला की तळ्याच्या काठावरून, हातात कोयता घेऊन, मधल्या नळीकडे बघत उभ्या राहायच्या. लांबून त्यांना आकडा दिसायचा नाही, फक्त माणसांच्या पाठी दिसायच्या. पाठींवरूनच त्या ओळखायला लागल्या. "आज नाही हलला," मला सांगायच्या, "दोघंही सरळ उभे होते."

शंभरावा दिवस उलटला तेव्हा पंपघरात चहा झाला, काहीही न घडल्याबद्दल. एकशे चोपन्नाव्या दिवशी तळ्यावरून वन्संनी बघितलं की दोन्ही पाठी एकदम वाकल्या आहेत. मग एक गमबूटवाली आकृती तळ्याच्या दिशेने पळत सुटली. वन्सं गुडघाभर पाण्यात होत्या. त्या आल्याच नाहीत बाहेर, तिथेच उभ्या राहून त्यांनी ओरडून विचारलं, "उपसून घेतला का?"

"तिप्पट उपसून, मावशी. दोन हजार दहा. तीनदा घेतला."

त्या दिवशी वन्संनी मला फोन केला आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, "एकशे चोपन्नावा."

पुढे दुसऱ्या बोअरचं पाणी आलं, बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या. लागोपाठ तीन महिने जंतू नाहीत, तेल नाही, शिसं नाही. मी प्रत्येक अहवालाची प्रत मागून घेतली आणि वाचली, काही शब्द शोधून वाचले. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं आणि पिण्यासाठी परवानगीवर सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली होती: घराघरांतल्या नळांचे आकडे घेण्याचं काम मीटरबाईंना द्यावं. इंजिनिअरबाईंनी त्यांना मीटर परत दिला तेव्हा तो नव्या पिशवीत होता आणि पिशवीवर सूचनांचा कागद चिकटवलेला होता. सूचना आता दीड पान झाल्या आहेत.

आज पहाटे ते पाणी धरणाच्या पाण्यात मिसळून आमच्या लाइनला सोडलं. वन्सं सहाला आमच्या स्वयंपाकघरात हजर. नळ सोडला, भांडं भरलं, मीटर बुडवला. तीनशे बारा. दर पाच मिनिटांनी एक आकडा. तीनशे बारा. तीनशे अकरा. मी ओट्याला टेकून उभी. आमचे हे दात घासायचे थांबले होते. सहा चाळीसला तीनशे तीस. सहा पंचेचाळीसला तीनशे सत्तर.

"हलला," वन्सं म्हणाल्या, पण कुजबुजत, जणू मोठ्याने बोललं तर पाणी परत फिरेल. बोअरच्या पाण्यात मुळातलं मचूळ थोडं मिसळलेलं असतं, म्हणून इथे आकडा वर जाणार होता. तीनशे नव्वद. तीनशे एक्याण्णव. पुन्हा तीनशे एक्याण्णव.

"तर आता हे थेट नळाचं प्यायचं का," मी बोलायला सुरुवात केली, "की निदान पहिले काही दिवस," आणि मागे ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. भिंगरीने ग्लास रिकामा केला होता. ओठ पुसले, दप्तर उचललं. "काय? तहान लागली होती," म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

वन्संचं तोंड उघडं राहिलं होतं. माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं. बैठकीतही नाही, नवव्या बादलीलाही नाही. मग त्यांनी पेन घेतलं आणि तक्त्यावर लिहिलं: सात वाजता, तीनशे एक्याण्णव, एक ग्लास, वय दहा.

मी दुसरा ग्लास घेतला, भरला आणि त्यांच्या देखत प्यायले. चव काहीच नव्हती. "माझंही लिहा," म्हटलं.

"वय काय लिहू?" त्यांनी विचारलं, आणि मग आम्ही दोघी जे हसायला लागलो ते आमचे हे ब्रश घेऊन परत आत गेले तरी थांबलो नाही.

हे लिहितेय तेव्हा सगळे झोपलेत. भिंगरीच्या कपाळाला चारदा हात लावून आले, गार आहे. चौथ्यांदा ती झोपेतच हात झटकून म्हणाली, "आई, जा." टेबलावर परत आले तर फोनवर वन्संचा निरोप आलेला होता: "कपाळ चाचपून झालं असेल तर झोप. सकाळी येते, तुमच्या वरच्या मजल्याचा आकडा घ्यायचाय, दार तू उघडशील."